पानाची मधली शीर

प्रिय दादा,

चार महिने हे पत्र टाळलं, कारण लिहिलं की तू गेलास हे कबूल करावं लागणार. पण सोमवारी कॉलेजची माणसं तुझे दगड न्यायला इथे रिहे गावी, तुझ्या घरी येताहेत आणि त्यातल्या एकावरची चिठ्ठी चुकीची आहे. ती चूक माझी.

तळहाताएवढा तो काळा तुकडा आठवतो? चंद्रपूरच्या कोळसाखाणीतल्या नोकरीत सापडलेला, जिभेच्या आकाराचं पान उमटलेला. तू चिठ्ठीवर लिहिलं होतंस, ग्लॉसोप्टेरिस. डायनासोरांच्याही आधीचं, बिया धरणारं नेचं.

गेल्या दिवाळीत तुला दिसेनासं झालं होतं, तेव्हा तू भिंग माझ्या हातात दिलंस. "मधली शीर टोकाकडे जाते का, एवढंच सांग. शीरच नसेल तर ते गंगामोप्टेरिस."

मी भर दुपारी अंगणात बघितलं. शिरांची जाळी दिसली, मधली शीर नाही. म्हटलं, "गंगामोप्टेरिस. निदान नावात गंगा तरी आहे."

तू हसला नाहीस. "नीट बघितलंस?"

"पंचवीस वर्षं संस्कृतच्या पेपरांत सुटलेले विसर्ग शोधतेय. शीर सुटेल होय?"

जन्मात कुणाचं न ऐकणारा तू, जुनी चिठ्ठी फाडलीस आणि माझ्याकडून नवी लिहून घेतलीस. एरवी चहातल्या साखरेवरून भांडायचास. तेव्हाच का नाही भांडलास? त्यानंतर कुठल्याही दगडाबद्दल विचारलं की तू "असेल बाबा" एवढंच म्हणायचास. मला वाटलं, वयाने नरमलास.

काल सकाळी दगड कागदात गुंडाळत होते. तुझा स्वयंपाक करणाऱ्या हिराबाई शेजारी तांदूळ निवडत होत्या. मी भिंग लावलेलं बघून म्हणाल्या, "ताई, आसं समोरनं काय दिसतंय? तिरपं धरा की. खडं बगताना आमी सूप कलतं करतो न्हवं? दादा बी तसंच धरायचं."

तिरपं धरलं. कोवळं ऊन कडेने आलं आणि मधली शीर उठून दिसली, देठापासून थेट टोकाकडे.

हिराबाईंना ठाऊक होतं, दादा. सख्ख्या बहिणीने कधी विचारलंच नाही. आणि तू मात्र आपलंच चुकलं असं समजून गेलास.

नवी चिठ्ठी लिहिते. वर तू दिलेलं नाव, ग्लॉसोप्टेरिस; खाली "मधल्या काळातली चूक धाकट्या बहिणीची." बाकीचे दगडही सोमवारच्या आत एकेक करून उन्हात तिरपे धरीन. जिथे तू "असेल" म्हणून सोडून दिलंस, तिथे दिसलं की तुझं "आहे" परत लिहीन.

तुझी, आता घाई न करणारी,
सुमन