पांढुर्ण्याचे भाचे आणि आमची फरशी

अकोला,
कूलरसमोर, भर दुपारी

आमचे एकुलते एक साळे श्री. सुगतराव यांस पंजाबरावांचा सप्रेम जयभीम.

तुला 'राव' लावला म्हणून घाबरू नकोस. उभा जन्म जिल्हा परिषदेत गेल्यामुळे हातात पेन आलं की माझी भाषा आपोआप कचेरीची होते. तुझी तब्येत कशी आहे? ज्योत्स्नाचे गुडघे काय म्हणतात? बडनेऱ्याहून ड्यूटी करून घरी जाताना डोक्याला दुपट्टा बांधत जा. तुमच्या अमरावतीचं ऊन आमच्या अकोल्यापेक्षा कमी असलं तरी ऊनच आहे. इकडे आम्ही सारे मजेत आहोत, म्हणजे शालू माझ्याशी परत बोलायला लागली आहे. मध्यंतरी ती का बोलत नव्हती, हे तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल. बहिणीची बाजू ऐकलीस, तशी भाऊजीचीही ऐकावी. तुझ्या भाचीच्या, पायलच्या साक्षगंधाला तुला सुट्टी मिळाली नाही, त्यामुळे तू मोठ्या गोष्टीला मुकलास.

तर आमच्या कॉलनीत 'स्थानिक रोजगार बचाव समिती' निघाली आणि तिचा अध्यक्ष मी झालो. (माईक माझ्या घरी होता.) बाहेरून आलेले लोक कमी पैशात कामं करतात आणि आपल्या पोरांच्या तोंडचा घास जातो, असा विषय. मी तासभर बोललो. लोक हलले नाहीत, कारण जेवण नंतर होतं. ठराव झाला की यापुढे कॉलनीत गवंडी, पेंटर, फरशीवाला, सुतार, सगळे इथलेच लावायचे. पाणीपुरीवाल्याचा मुद्दाही निघाला होता, तो ग्वाल्हेरकडचा आहे. पण तो नेमका त्याच वेळी फाटकाशी गाडी लावून उभा होता आणि महिला सदस्य तिकडेच होत्या, त्यामुळे तो विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. समितीचे सचिव महादेवराव. रिटायर मास्तर, शेजारीच राहतात, आणि आमच्या स्वयंपाकघरात काय शिजतंय हे आमच्याआधी त्यांना कळतं.

इथपर्यंत सारं ठीक होतं. पण पायलचं लग्न जमलं, साक्षगंध आमच्याच घरी करायचं ठरलं, आणि शालू म्हणाली की बैठकीच्या खोलीची फरशी बदलल्याशिवाय मुलाकडच्या पाहुण्यांना ती घरात घेणार नाही. अध्यक्ष या नात्याने मी आपल्या नत्थुजींकडे गेलो. नत्थुजी म्हणजे या भागातला फरशीचा जुना कारागीर. दारात केशरबाई, त्यांची बायको. ती म्हणाली, "थे तं हैद्राबादले गेले. तिकडं फरशीचंच काम करून राहिले." मी फोन लावला. म्हटलं, नत्थुजी, आम्ही तुमच्यासाठी समिती काढली आणि तुम्ही परमुलखात? तर तो माणूस शांतपणे म्हणाला, "भाऊसायब, तुमी मले भाऊ म्हणता अन् भाव पाडता. इथं मले कोनी भाऊ म्हणत नाही, पण पैसे टायमावर देते." मी रेंज गेल्यासारखं केलं.

मग सूर्यभान नावाचा एक उत्साही तरुण मिळाला. शंभर टक्के स्थानिक. त्याने पहिल्याच दिवशी जुनी फरशी अशा जोमात फोडली की महादेवराव भिंतीपलीकडून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी त्याला बडनेऱ्याला कंत्राटी नोकरीचा फोन आला आणि तो गेला. (मीच त्याला पेढा भरवला. अध्यक्षाला दुसरं काय करता येतं?) मागे उरली आमची बैठक, म्हणजे मुरमाची एक खाण. सोफा गच्चीवर, टीव्ही न्हाणीत, आणि स्वयंपाकघरात जायला दोन फळ्या टाकलेल्या. एका फळीवरून मी घसरलो तेव्हा शालूनं विचारलं, "फळीले तं काही झालं नाही?" त्यानंतर ती बोलायची बंद झाली.

साक्षगंध तोंडावर आलं तसं शालूनं माझा सल्ला घेणं सोडलं. सकाळी मजूर उभे राहतात त्या चौकात गेली आणि दोन माणसं घेऊन आली. भंवरलाल आणि त्याचा मेहुणा, दोघे राजस्थानचे. मी आधी दार लोटलं. बाहेर मीच रंगवलेला 'स्थानिकांना काम' असा फलक, आणि आत हे. शालू अबोला तेवढ्यापुरता मोडून म्हणाली, "इचारलं कोनी तं सांगा, पांढुर्ण्याचे भाचे आहेत." पांढुर्णा मध्य प्रदेशात, तिकडची आपली माणसं हिंदी बोलतात, त्यामुळे भाषेची पंचाईत मिटली. भंवरलालला मी समजावलं की तू माझा भाचा आहेस. तो म्हणाला, "ठीक है मामाजी, सीमेंट मँगवाओ."

सुगत, भाचे लपवता येतात, कटर लपवता येत नाही. फरशी कापायला लागले की अख्खी गल्ली कानात बोटं घालायची. शालूनं शेजारी सांगितलं की पाहुण्यांना उसाचा रस आवडतो, म्हणून यंत्रच घरी आणलंय. मग महादेवराव तांब्या घेऊन रस मागायला आले. दारात त्यांना भंवरलाल दिसला, भुवयांपासून चपलेपर्यंत पांढराशुभ्र. मी म्हटलं, पांढुर्ण्याकडे पावडर जास्त लावतात. महादेवराव तांब्या काखेत मारून म्हणाले, "पाहुणे आहेत तं संध्याकाळच्या बैठकीले घेऊन या."

नाही म्हणावं तर संशय. म्हणून दोघांना आंघोळ घालून, माझे सदरे चढवून समाजमंदिरात नेलं. तिथे पाहतो तर गर्दी नेहमीपेक्षा जास्त. साऱ्यांकडेच पाहुणे. महादेवरावांसोबत त्यांचे नागपूरचे 'साडू', चोवीस-पंचवीस वर्षांचे. (महादेवराव सत्तरीला टेकलेत.) साडूंच्या कानाच्या पाळीला फिक्कट गुलाबी रंग लागलेला, महादेवरावांच्या पुढच्या खोलीचा रंग आठवडाभर तोच चालू होता. मी अध्यक्षीय खुर्चीवर बसतो न बसतो तोच साडू माझ्या भाच्याला म्हणाले, "अरे भंवरभाई, तू इधर? कल चौक में दिखा नहीं."

साऱ्या माना आमच्याकडे वळल्या. महादेवराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "यायची ओळख कशी?" मी म्हटलं, "पांढुर्ण्याले गाठ पडली असंल." ते म्हणाले, "हो, साडू जात असते तिकडं."

एवढ्यावर निभावलं असतं, पण बेबीताईंनी पाहुण्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. बेबीताई भाजीचा ठोक धंदा करतात, आणि त्यांना नाही म्हणणारा माणूस अजून अकोल्यात जन्मायचा आहे. भंवरलाल उठला, माझ्या सदऱ्याची बाही वर केली आणि हिंदीत बोलला. म्हणाला, आमच्या गावीही बाहेरचे लोक येतात, अर्ध्या पैशात फरशी बसवतात, आमची पोरं रिकामी बसतात, म्हणून तर मला इतक्या लांब यावं लागलं. "मैं इस समिति के साथ हूँ." माझ्या भाषणाला कधी पडल्या नाहीत एवढ्या टाळ्या पडल्या. कोणीतरी त्याला सहसचिव करा म्हणालं, दुसऱ्यानं अनुमोदन दिलं, आणि सहसचिव झाल्या झाल्या त्याने टाचेने जमीन ठोकून सांगितलं की इथल्या चार टाइला पोकळ आहेत. महादेवरावांना राहवलं नाही. त्यांनी भर बैठकीत विचारलं, "आमची न्हाणी पाहता का हो जरा?"

तेव्हा बेबीताई उभ्या राहिल्या. "आता नाटक पुरे. माह्या घरीबी पीओपीवाला भाऊ आहे, यूपीचा. मले एक सांगा, नत्थुजी काहून गेला? तुमी त्याले जे देत नव्हते, थे याले देता का? मंग ठराव असा लिवा, इथला असो का भायेरचा, मजुरी सारखी अन् पुरी, अन् थेबी टायमावर." मागे भिंतीशी केशरबाई बसली होती. तिने हात वर केला. एकटीने. भंवरलालनेही केला, पण त्याच्या मेहुण्याने तो खाली ओढला. त्याला वाटलं हे आणखी काम लावतायत. बाकी सारे छताकडे पाहत होते. मग अध्यक्षांनी गणसंख्येअभावी बैठक तहकूब केली. (अध्यक्ष म्हणजे मीच. सभागृहात बसायला जागा नव्हती हे मला दिसत होतं.)

फरशी झाली मात्र झकास. पैसे शालूनं दिले, मागितले तेवढे, आणि देताना माझ्याकडे पाहत होती. साक्षगंधाला नवऱ्या मुलाचे काका जेवण सोडून फरशीवर हात फिरवत बसले. कोणी केली, म्हणाले. शालू म्हणाली, "आमच्या भाच्यानं." काकांनी वाढायला उभ्या असलेल्या भंवरलालला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं की हा भाचा लग्नाचा आहे का, त्यांच्याकडे एक मुलगी आहे, बी.एड. झालेली. भंवरलालला तीन लेकरं आहेत. तो त्याच संध्याकाळी वाशीमच्या कामावर निघून गेला. जाताना शालूच्या पाया पडला, मला फक्त "चलता हूँ अध्यक्षजी" म्हणाला. मामाजी म्हणाला नाही, हे मला उगीच लागलं.

असो. ज्योत्स्नाला जयभीम सांग. उन्हात फिरू नकोस.

तुझा भाऊजी,
पंजाबराव

ता. क. समितीचा राजीनामा मी लिहून ठेवलाय, पण तो घ्यायला सचिव घरी सापडत नाहीत. त्यांच्या न्हाणीचं काम चालू आहे.

ता. क. दुसरा. अमरावतीत तुझ्या ओळखीचा तो व्हिसाची कामं करणारा माणूस आहे ना? त्याच्याकडे जाऊन ये. तुझा खरा भाचा, आपला ललित, पोलंडला जायचं म्हणतोय. सफरचंदं पेटीत भरायच्या गोदामात. एम.एस्सी. झालेला पोरगा, पण म्हणतो, तिथल्या पोरांना त्या पैशात ते काम नको आहे, मला चालेल. कमी दिले तरी चालतील, असं तो आधीच कबूल करून बसलाय.

ता. क. तिसरा. शालूले यातलं अजून काही ठाऊक नाही, फोनवर बोलजो नको. अन् त्या मानसाले आडून एक इचारजो, तिथले लोक भायेरून आलेल्या पोरायसंग कसे वागते म्हणून. सरळ इचारशीन तं तो चांगलंच सांगंल.