होडी उजवीकडेच का जाते

गुरुवार, सकाळ
नदीकाठी, तंबूच्या दारातून

प्रिय वहिनी,

तुझ्या चोंबड्या नणंदेचा नमस्कार. तंबू गळत नाही, भात रोज करपतो, आणि डासांनी मला घरचंच माणूस मानलंय. इथे फोनला रेंज नाही. आमच्या चौकडीतल्या बेकरीवाल्याला दुकानासाठी आजच परतायचंय, म्हणून पत्र त्याच्यासोबत देते. दादा, लंबू आणि मी रविवारी येऊ.

तुझा अभ्यास कसा चाललाय? नोकरी सोडून नर्सिंगला बसलीस याचं दादाला इतकं कौतुक आहे की परवा पाणी भरायला आलेल्या अनोळखी माणसालाही त्याने ते ऐकवलं. तो बिचारा बादली घेऊन ताटकळत उभा.

आता एक गंमत सांगते. आमची होडी सारखी उजवीकडे जाते. मी पुढे वल्हवते, दादा मागे बसून दिशा सांभाळतो, नेहमीसारखंच. पण सरळ जाता जाता आम्ही काठच्या झुडपांत घुसतो. माझ्या केसांत अजून काटक्या आहेत. लंबू म्हणाला, प्रवाहच तसा आहे. बेकरीवाला म्हणाला, लाकूड एका बाजूने फुगलंय. त्याला सगळंच फुगताना दिसतं. दिवसभर लॅबमध्ये नमुने तपासणाऱ्या माझ्यासारख्या बाईला अशा गप्पांनी कसं समाधान मिळणार? मी सामान डावीकडे हलवलं, तरी उजवीकडे. मग बेकरीवाल्याशी होड्या बदलल्या. आमची फुगलेली होडी त्याच्या हाती सुतासारखी सरळ गेली, आणि त्याची होडी आम्हाला घेऊन झुडपांत शिरली.

म्हणजे दोष होडीत नव्हता. माझ्यात असेल म्हणून मी वल्हं मारायचंच थांबवलं. तरी उजवीकडे.

तुला आमचा नियम ठाऊक आहे. पुढच्याने मागे वळून बघायचं नाही. वळलं की होडी कलते आणि मागच्याचा अपमान होतो. जो वळेल त्याने सहलभर भांडी घासायची. हा नियम दादाचाच, आणि आम्ही इतकी वर्षं तो इमानेइतबारे पाळलाय. म्हणून तर चार शहाणी माणसं लाकडाची चौकशी करत बसली, पण मागे कोणी बघितलं नाही. मीही वळले नाही. डब्याचं स्टीलचं झाकण काढलं आणि आरशासारखं समोर धरलं.

दादा डाव्या बाजूने वल्हवत होता. अशा वेळी उजवा हात वल्ह्याच्या मुठीवर असतो, आणि दर फटक्याच्या शेवटी मनगट पिळलं की होडी सरळ राहते, नाहीतर उजवीकडे वळते. त्याचं मनगट पिळलं जात नव्हतं. हात मुठीला रुमालाने बांधलेला होता, वहिनी. बोटं नुसतीच वर ठेवलेली.

"झाकण खाली घे," तो मागून म्हणाला. "डोळ्यांत चमकतंय."

मी घेतलं. मग मी विचारलं, "कधीपासून?"

"थंडी संपल्यापासून. आधी बटणं लागेनात. आता पकडच राहत नाही."

"आणि बस कशी चालवतोस?"

"बस चालते की. स्टिअरिंग डाव्या हाताने ओढतो, उजवा नुसता टेकवतो."

"दादा, बसमध्ये शाळेची पोरं असतात!"

"मला काय ठाऊक नाही? पण तुझ्या वहिनीला हे कळलं की ती आधी अभ्यास सोडेल आणि जुन्या नोकरीवर जाऊन उभी राहील. परीक्षा होईपर्यंत तिला सांगू नकोस."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. काल संध्याकाळी मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. त्याची, त्या पोरांची, तुझीही. शेवटी आज उजाडताच इथवरचं पत्र लिहून काढलं आणि त्यालाच वाचून दाखवलं. चोरून पाठवणं जमेना.

तो तापला. मला चोंबडी म्हणाला, आणखीही बरंच काही म्हणाला, उठून पाण्यापर्यंत गेला. तिथे बराच वेळ उभा राहिला. परत आला तो थेट बेकरीवाल्याकडे, आणि त्याला म्हणाला, "घरी जायच्या आधी डेपोत जा. सोमवारी माझ्या बसवर दुसरा ड्रायव्हर लावायला सांग. हात तपासायचाय म्हणावं." बेकरीवाला काही न विचारता होय म्हणाला.

तेव्हा तू एवढंच कर: डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव, आणि पुस्तकं मिटू नकोस. तू पुस्तकं मिटलीस तर तो मला जन्मभर माफ करणार नाही. घरखर्चाचं आपण तिघं बसून बघू. आणि तो आला की ओरड, पण आधी जेवू घाल.

पत्र घडी घालणार तेवढ्यात त्याने पेन मागितलं. मी ते त्याच्या डाव्या हाताशी धरलं, तर तो म्हणाला, "इकडे दे." खाली जी वेडीवाकडी रेघ कागदाबाहेर निघालीय, ती शाई सांडलेली नाही. ती तुझ्या नवऱ्याची सही आहे, उजव्या हाताची.

तुझी,
आणि तिच्याखाली, तुझा