जाऊन राहिले

१८ जाने., रविवार
सकाळी उमरेड आणि वापस. वारा जातानाही तोंडावर, येतानाही तोंडावर. हा कुठला न्याय म्हणावं! घरी आलो तो बुटासकट बाबांच्या पलंगावर बसलो. रविवारची हजेरी. कोणतं गाव लागलं, कुठं चहा घेतला, सगळं सांगा लागते. नाकात ऑक्सिजनची नळी, तरी प्रश्न चालूच.
"भिवापूरवरी काहून नाही गेला? मिरच्या वाळू घातल्या असतीन आता. लालेलाल दिसते."
म्हटलं, बाबा, सरांनी नव्वदच किलोमीटर सांगितले.
"सर सांगन तेवढंच करशीन का गा?"
सर म्हणजे संदीप सर, सांगलीचे. पुढच्या महिन्यात कोकणात स्पर्धा आहे, आधी समुद्रात पोहणं, मग सायकल, मग पळणं; तिच्यासाठी वर्षभरापासून फोनवर ट्रेनिंग देऊन राहिले, भेट एकदाही नाही. आमच्या बोलण्याची मजा घेतात. काल मी म्हटलं, जेवून राहिलो, नंतर करतो फोन. तर म्हणे, "जेवून राहिलात? कुठं, सासुरवाडीला?"
मांड्या दुखून राहिल्या. उद्या लकडगंजात आरामशीनवर लाकडं कापत दिवसभर उभं राहायचं आहे. मेलो.

२४ जाने., शनिवार
बाबांले भरती केलं. सकाळी ओठ निळे दिसले. विन्याने अँब्युलन्स बोलावली. माझा धाकटा भाऊ, पण अशा वेळी मोठा तोच. मी तेव्हा तलावावर पोहत होतो. फोन कपड्यांत.
डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं थकली. तरुणपणी उमरेडला हातमाग, मग हिंगण्याची गिरणी, जन्मभर सुताची धूळ. आणि आमचा बाप त्या ड्युटीवर सायकलने जायचा. ना टोपी, ना घड्याळ, ना सर.
व्हरांड्यात विन्या म्हणे, "दादा, नको जाऊ त्या स्पर्धेले."
मी ओल्या टॉवेलची घडी करत बसलो.
"वर्षभर तू पळून राहिला. बाबांचं मी करून राहिलो."
राग आला. पण खोटं काय बोलला?

२९ जाने., गुरुवार
बाबा घरी. डॉक्टर म्हणतात महिनाही निघेल, वर्षही निघेल. सरांले फोन करून सांगितलं, यंदा रद्द. बाबांनी पलीकडून ऐकलं. कान शाबूत आहेत.
"काहून रद्द?"
म्हटलं, असंच.
"समुद्र पाह्यला का तू?"
नाही म्हटलं.
"मीबी नाही पाह्यला. जाय. पाण्यात पयले दुसऱ्याले उतरू दे, मंग तू उतर. अन् कसा असते ते मले सांग. निवांत सांग, घाईघाईत नको."
एवढं बोलून दम लागला. शुभा हसली आणि मग उगाच भांडी आपटत बसली. बायकोचं रडणं मले भांड्यांवरून कळते.
विन्या म्हणे, "जा. पण फोन लागला पाहिजे."

५ फेब्रु., गुरुवार
गाडीत. सायकल खोलून खोक्यात भरली. बाबा खोक्याकडे पाहून म्हणे, "एवढी महागाची अन् घडी होते!" पाया पडलो. डोक्यावर हात ठेवला, हाताले वजनच नाही.

७ फेब्रु., शनिवार. कोकण
संदीप सर भेटले. फोनवर दणदणीत आवाज, प्रत्यक्षात काडीपैलवान. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. आल्याआल्या भडंगाचं पाकीट हातात. "उद्या तुमच्या मागं मी आहे बघा. नुसतं रेसचं बघायचं, बाकीचं मी बघतो." भला माणूस.
उद्या स्पर्धेत फोन जवळ ठेवता येत नाही. सरांपाशी देणार. विन्याले तसं सांगून ठेवलं.
समुद्र पाहिला. तिथूनच बाबांले फोन लावला. वारा इतका की काही ऐकू जाईना.
"काय? खारट हाय का?"
हो बाबा, खारट आहे!
"अजून?"
म्हटलं, उद्या स्पर्धा झाली की निवांत सांगतो.
"बरं. सांग मंग."

८ फेब्रु., रविवार
स्पर्धा पूर्ण केली. बाबा गेले.
सर म्हणतात सकाळीच गेले, तुम्ही सायकलवर होता. गाडी करून निघालो. सर सोडायले येतो म्हणत होते, मीच नको म्हटलं. सायकल त्यांच्यापाशीच. अंगाले अजून मीठ. लिहिता येऊन नाही

१० फेब्रु., मंगळवार
काल दुपारी पोचलो. बाबांले बर्फावर ठेवलं होतं. अग्नी मी दिला. आज राख सावडली.
विन्या बोलून नाही राहिला. काल खांद्यावर हात ठेवला तर खांदा काढून घेतला. सगळ्यांसमोर.
परवाचं लिहून ठेवतो, डोक्यात तेच तेच फिरून राहिलं. सगळे पाण्यात धावले, मी मागे उभा राहिलो. पयले दुसऱ्याले उतरू दे. हसूही आलं. लाटेने एक थोबाडीत दिली, पोटभर पाणी पिलो, पण निघालो पार. सायकलवर चढ फार. सायकल ठेवून पळायले निघालो तर कठड्याशी सर. डोळ्यांत पाणी आणि टाळ्या वाजवून राहिले. मले वाटलं, माणसाले कौतुक वाटून राहिलं. मी अंगठा दाखवला.
पळताना पाय दगड झाले होते. पण डोक्यात बाबांले काय सांगायचं तेच. पाण्याचा रंग सांगू का आवाज सांगू. आवाजच सांगावा, त्यांले कानाचं जास्त. गिरणीत सगळे माग एकदम चालू व्हायचे तसा आवाज, असं सांगायचं ठरवलं. ते ठरवण्यात अर्धा रस्ता सरला.
शेवटच्या रेषेवर गळ्यात मेडल पडलं, मी ओरडलोसुद्धा. मग सरांनी मिठी मारली आणि कानात सांगितलं.

१२ फेब्रु., गुरुवार
विन्या फुटला शेवटी. दशक्रियेच्या सामानावरून सुरुवात झाली. मी म्हटलं, मी आणतो. तर म्हणे, "राहू दे. तुले पळा लागत असन."
म्हटलं, काय बोलून राहिला बे तू?
"बाबा दुपारपर्यंत होते दादा. शुद्धीत होते. आला का फोन, आला का फोन, एवढंच. मी फोन कानापाशी धरून बसलो. तुले मेडल पाहिजे होतं."
मले काही समजेना. म्हटलं, सकाळीच गेले ना?
"कोण म्हणते? सकाळी मी तुझ्या फोनवर फोन केला. तुझ्या सरांनी उचलला. सांगितलं, बाबा जाऊन राहिले, दादाले बोलू द्या. ते म्हणे सायकलवर आहे. मंग उचललाच नाही. हा मेसेज आला."
दाखवला. माझ्याच नंबरवरून. "दादा रेस संपल्यावरच बोलतील. धीर धरा."
मी मेसेज दोनदा वाचला.
बाबा जाऊन राहिले. सांगलीच्या माणसाले काय कळणार! त्याने ऐकलं, गेले. संपलं. आता सांगून तरी काय करायचं, वर्षाची मेहनत आहे, पूर्ण करू दे. चांगल्या मनाने केलं त्याने. आणि विन्याने वाचलं, दादाने निरोप दिला, आधी रेस. आमच्याकडे जाऊन राहिलेला माणूस अजून असतो. त्याच्याशी बोलता येते.
मी सायकल ठेवली तेव्हा बाबा होते. सरांच्या खिशात फोन होता.

१३ फेब्रु., शुक्रवार
विन्याले सगळं समजावून सांगितलं. ऐकलं त्याने. मग म्हणे, "असन."
असन म्हणजे काय? विश्वास बसला का नाही? दुसऱ्यांदा विचारायची हिंमत नाही झाली.
शुभा म्हणते, तुम्ही थांबलेच असते. मी म्हटलं, अर्थात थांबलो असतो. थांबलो असतो ना? अर्धं झालं होतं. सर म्हणाले असते, दोन मिनिटं बोला आणि निघा, तर मी दोनच मिनिटं बोललो असतो का? माहीत नाही. हे मले आता कधीच कळणार नाही, आणि याचाच त्रास होऊन राहिला, बाबा गेले त्यापेक्षाही. असं लिहायची लाज वाटते.

१५ फेब्रु., रविवार
संदीप सरांचा फोन. तेरवीले येणार, सायकलही घेऊन येतो म्हणे. "त्या दिवशी सांगितलं नाही त्याचा राग नाही ना? रात्रीची झोप लागत नाही दादा. पण म्हटलं, वडील तर गेलेच, निदान त्यांच्यासाठी तरी पूर्ण होऊ दे."
मी म्हटलं, राग नाही.
खरंच नाही. कोणावर आहे तेही सापडून नाही राहिलं.
विन्या म्हणे, "त्याले सांगशीन का?" म्हटलं, काय करायचं सांगून? त्या पोराच्या उरावर जन्मभराचं ओझं. तर म्हणे, "माझ्या उरावर चालते? मी तुले चार दिवस शिव्या दिल्या मनात. बाबा वाट पाहत गेले. हे कोणाले माहीतच नाही पाहिजे का?"
त्याचंही बरोबर आहे. माझंही. बस.

२० फेब्रु., शुक्रवार. तेरवी
सर सकाळच्या गाडीने आले. विन्याच गेला स्टेशनवर आणायले, मी न सांगता. दोघं येताना एक शब्द बोलले नाहीत म्हणे. सायकलचं खोकं अंगणात ठेवलं आहे, कोणी हात लावला नाही.
सरांनी फोटोले नमस्कार केला. बाबांच्या पलंगाकडे पाहिलं, गादी काढलेली, आता नुसत्या पट्ट्या. मग माझा हात धरून हळूच म्हणे, "दादा, एक विचारू? शेवटी त्रास नाही ना झाला त्यांना? काही बोलले का?"
विन्या दारात उभा. हातात पत्रावळींचा गठ्ठा. खाली ठेवेना, पुढे जाईना.
मी म्हटलं, "सांगतो सर. आधी आंघोळ करून घ्या. प्रवास झाला."
आता न्हाणीत आहेत. बादलीचा आवाज येऊन राहिला. विन्या माझ्यासमोर येऊन बसला आहे, नुसता पाहून राहिला.
पाणी थांबलं.
कडी काढली त्यांनी.