पेडलचं नवं रबर

आप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज माझ्या जुन्या गाड्यांच्या यार्डात आलेल्या गिऱ्हाइकानं पहिलाच प्रश्न विचारला, गाडीचं रनिंग किती? मी आकडा सांगितला, खरा सांगितला, आणि तुमची आठवण आली.

मढ ते जुन्नर सीटवर भाडं घेणारी वडापची जीप तुम्ही अर्धं आयुष्य चालवलीत. त्यामुळे आपल्या पिंपरी पेंढारात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की आधी तुम्हाला सोबत न्यायचं, अशी रीतच पडली होती. चहापलीकडे तुम्ही काही घ्यायचा नाहीत. लोक मीटर बघायचे, तुम्ही खाली वाकून पेडलांचं रबर चाचपायचा. किलोमीटर बघावेत, पण ते कुठं झालेत तेही विचारावं, म्हणायचा. हायवेवरच्या लाखापेक्षा घाटातले चाळीस हजार गाडीला जास्त थकवतात. मला एकदा ऐकवलं होतंत, "आकडा मागं नेता येतो रं. पायाची झीज कुठं नेशील?"

मी नेली, आप्पा. मंचरला यार्ड टाकून वर्षही झालं नव्हतं आणि लाखावर चाललेली एक गाडी खपत नव्हती. मी तिचा मीटर चाळीस हजारावर आणला. तुम्ही कुठं हात लावणार ते ठाऊक होतं, म्हणून तिन्ही पेडलांची रबरं नवी बसवली. तुमच्याकडून शिकलो ते तुमच्यावरच चालवलं. अवसरी बुद्रुकच्या एका गुरुजींना बायकोला डायलिसिसला पुण्याला न्यायला गाडी हवी होती, आणि त्यांनी तुम्हालाच आणलं. तुम्ही वाकता, रबर चाचपता, आणि तसेच थांबता. चाळीस हजाराच्या गाडीला नवं रबर कशाला लागतं, हे तुम्हाला कळलं नसेल असं कसं होईल? कधी बदललं, विचारलंत. जुनं निसटलं होतं, मी म्हणालो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग उठून गुरुजींना म्हणालात, "घ्या. पोराची गाडी हाय."

दीड महिन्यात, दवाखान्याच्या वाटेवरच इंजिन बसलं. गुरुजींची बायको दुपारभर रस्त्याकडेला उन्हात बसून होती, त्या दिवशीचं डायलिसिस चुकलं. आकडा खोटा आहे हे मिस्त्रीनं त्यांना सांगितलंच. गुरुजी घरी आले तेव्हा मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात. "चूक माझी, गुरुजी. मला अलीकडं नीट दिसत न्हाई. पोराच्या गळ्यात कुणी तरी तशीच मारली, अन् मला कळलं न्हाई."

त्यानंतर गाडी बघायला कुणी बोलवलं की तुम्ही डोळ्यांचं कारण सांगायचा. एकदा बोललेलं खोटं तुम्हाला मरेपर्यंत निभवावं लागलं. लग्नकार्यात माझा हात धरून चालायचा, रोजच्या माणसालाही कोण म्हणून विचारायचा, आणि घरी आल्यावर चष्म्याशिवाय पेपरातली बारीक अक्षरं वाचायचा. मला एका शब्दानं बोलला नाहीत. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही हात किती घट्ट धरायचा ते अजून आठवतं.

दहाव्याला गुरुजी आले होते. नजर गेली, नाही तर असा पारखी माणूस तालुक्यात नव्हता, म्हणाले. मी हो म्हणालो. परवा मंचरच्या बाजारात भेटले, पुन्हा तेच म्हणाले, मी पुन्हा हो म्हणालो. हा कागद त्यांनाच वाचायला द्यावा म्हणून लिहायला घेतला होता. देववत नाही, आप्पा.