रशीदचाचांनी कोरी ठेवलेली जागा

प्रिय सुधाकरदादा,

तू गेलास त्याला आठ महिने झाले. रडून झालं माझं. आज भांडायला लिहिते आहे. मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमधून काल ओलावा नोंदवणाऱ्या रशीदचाचांना घरी बसवलं, आणि चूक तू तिथल्या नोंदींसाठी लिहिलेल्या प्रोग्रामची आहे.

गेल्या आठवड्यात कापसाचा ओलावा मोजणारं मीटर बंद पडलं. चाचांनी सरकी दाताखाली धरली, ओली लागली. पण मीटरशिवाय आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी कॉम्प्युटरवर ओलाव्याची जागा कोरी ठेवली. म्हणजे थांबा, मोजायचं आहे. जिनिंगमध्ये हे सगळ्यांना कळतं. तुझ्या प्रोग्रामनं मात्र कोऱ्या जागेचं शून्य केलं. शून्य ओलावा! असा कापूस कुठे पिकतो रे? तो ओला ढीग कोरड्या कापसाच्या गंजीवर गेला, गंजी आतून तापली, रुई पिवळी पडली.

"कॉम्प्युटर शून्य सांगून राह्यलं, चाचा!" मालक ओरडले.

"म्या काही लिहिलंच नाही, सेठ!"

कोण ऐकतो?

मेहकरला तू मला प्रोग्रामिंग शिकवलंस, तेव्हा आपली प्रोग्राम लिहायची भाषा कशालाही काहीही मानायची. लोकांचे हात पोळले, मग टाइप आले, म्हणजे कुठल्या जागेत काय येणार ते आधी सांगायचं: इथे आकडा, इथे नाव. पुढे 'आकडा किंवा कोरं' असाही टाइप आला. तो लिहिला की कोऱ्याचं काय करायचं ते सांगितल्याशिवाय भाषा पुढे जाऊ देत नाही. तो वापर म्हणून सांगायला मी नाचत तुझ्याकडे आले होते. तू हसलास. "भाषण नको देऊ वं, मीनल. मले माहीत आहे कुठं काय येते. मशीनले काऊन सांगू?"

आणि त्या भाषेला तरी काय म्हणावं! शहाणपण आणायचं, पण ऐच्छिक. जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून 'एनी', म्हणजे काहीही चालेल, हे दार उघडंच ठेवायचं! काल तुझा प्रोग्राम उघडून पाहिला. ओलाव्यापुढे तू 'एनी' लिहिलं होतंस. तुला माहीत होतं, कबूल. तुझ्यानंतर कोणाला माहीत असणार होतं, दादा?

हमालांच्या सभांमध्ये मुठी आवळून बोलणारी मी, तुझ्या हसण्यापुढे गप्प बसले. तो राग माझ्यावरच आहे.

तो 'एनी' आज काढला. भाषेनं लगेच अकरा ठिकाणी अडवलं: कोरं असेल तर काय? तुला विचारायचे प्रश्न मी चाचांच्या ओट्यावर बसून त्यांना विचारले. त्यांनी एकेक उत्तर दिलं, तुझ्याबद्दल वाईट शब्द न काढता.

उद्या मालकासमोर, सगळ्या हमालांसमोर तुझं नाव घेऊन सांगणार आहे की चूक चाचांची नव्हती, तुझी होती. तिथे अजून तुझं कौतुक होतं. जिवावर येईल माझ्या. तरी तुझी चूक जित्या माणसाच्या माथी राहू देणार नाही. हा शब्द.

तुझ्यावर चिडलेली, तुझीच धाकटी
मीनल