बसून काढलेले फोटो

१० जाने., शनि.
सकाळपासून पिठाची गिरणी चालू. मग दादा आला केजहून, हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. आत छोट्या रेल्वेगाडीचे फोटो. चौदा. अण्णांच्या ट्रंकेत निघाले म्हणे. इतकी वर्षं माळ्यावर पडलेली ट्रंक, अण्णा गेल्यावर कुणी उघडली न्हाई.
दादानं ते केजच्या वाचनालयातल्या सरांना दाखवले. सर म्हणाले भिंतीवर लावू, लोकं बघतील.
म्हणलं पाच मिनिटं बघते. अर्धा तास गेला. दळण घेऊन आलेली बाई ओरडायला लागली तवा उठले.
अण्णा, आमचे वडील, येडशीच्या अलीकडं रेल्वे फाटकावर गेटमन. ती गाडी बंद झाली, रूळसुद्धा उचलले. आता तिथं बाभळी. आमच्या लहानपणी गाडी खेळण्यातली वाटायची, माणूस पळत जाऊन बसायचा. आन् फोटोत बघावं तर इंजिन डोंगराएवढं. चाक आभाळाला टेकलेलं. एका फोटोत नुसता रुळाचा सांधा, नट आन् नट मोजून घ्यावा, आन् लांब मुंगीएवढी गाडी येती. असले फोटो मी लग्नाच्या अल्बमात न्हाई बघितले.
प्रत्येकाच्या मागं अण्णांची सही. दादा म्हणाला, "एवढी कला होती माणसात. कधी बोलले न्हाईत."

११ जाने., रवि.
नववा फोटो. गाडी पुढं गेलीय, पलीकडं आमचं क्वार्टर. ओट्यावर बाजेवर अण्णा बसलेत, पाठ भिंतीला. दमा लागला की तसेच बसायचे.
दादाला फोन लावला. म्हणलं, अण्णा फोटोत हायेत तर काढला कुणी?
"असंल कुणी."
"कोण?"
"कुसुम, मागं सही कुणाची हाय? मग झालं तर."
ठेवला फोन. ह्याच्याशी बोलण्यात अर्थ न्हाई. तो बीडला होस्टेलात होता तवा, मी इकडं नेकनूरला नांदत होते. दोघांना काय माहीत.
आईला माहीत असणार. आई बाजूच्या खोलीत तीळ निवडत बसली होती.

१३ जाने., मंगळ., भोगी
सकाळपासून बाजरीच बाजरी. पट्टा दोनदा सुटला. दुपारी फोटो आईपुढं मांडले. तिनं तोंड फिरवलं.
"मला काय माहीत."
बरं. मी भाकरी थापायला बसले. जरा वेळानं मागून आवाज, "ही सकाळची हाय. लातूरहून आलेली."
"कशावरून?"
"धूर बघ ना कुणीकडं चाललाय. सकाळी तिकडूनच वारा."
मग एकेक बोट ठेवून सांगायला लागली. ही कोळसा कमी असलेली, म्हणून धूर पांढरा. हा ड्रायव्हर उंच, मान वाकवून बसायचा. ही मालगाडी, नेहमी उशीर. एवढ्या वर्षांनी. मला परवाचं आठवत न्हाई.

१४ जाने., बुध.
संक्रांत. तिळगूळ देऊन पाया पडले आन् सरळ विचारलं, फोटो तू काढलेस का?
तिनं तिळगूळ पदरात बांधला. मग म्हणाली, "कॅमेरा गाडीवरच्या गार्डमामांचा. जुना. पोरीला दिल्यावाणी दिला त्यांनी. रोल आणायचे, धुवून आणायचे, गाडी हळू झाली की हातात द्यायचे."
"आन् असे खालून कशाला काढलेस?"
"बसून काढले. उभं राहून डोळ्याला डबडं लावलं असतं तर गाडीभर माणसं बघत राहिली असती. बसलेल्या बाईकडं कोण बघतंय."
हिरवी झेंडी काखेत, कॅमेरा गुडघ्यावर. झेंडी आधी दाखवायची, मग फोटो. उलटं कधी केलं न्हाई, म्हणाली.
फाटक आईच सांभाळती हे आम्हा पोरांना माहीतच होतं. अण्णांना चार पावलं चाललं की धाप. पण घराबाहेर बोलायचं न्हाई. ते आजपर्यंत बोललो न्हाई.
शेवटी माझा हात धरला. "कुणाला सांगू नको, कुसे. नोकरी त्यांची आन् फाटक मी लावलं, हे कागदावर आलं की पेन्शन बंद करतील."
एवढ्यासाठी गप्प बसली ही बाई. न्हाई सांगत म्हणलं.

१८ जाने., रवि.
जीपनं केजला. चेंगरून. सरांनी फोटो मोठे करून घेतलेत. माणूस चांगला, पण बोलतो फार.
"ताई, इतक्या खालून बघायला नजर लागते. तुमचे वडील रुळाशेजारी झोपून काढत असतील."
जीभ चावली. दम्याचा माणूस रुळाशेजारी झोपतोय.
एक कोरं कार्ड दिलं, फोटो कुणी काढले ते लिहायला. "घरच्या माणसाच्या हातानं असू द्या. सव्वीस तारखेला उघडायचंय."
दादा म्हणाला, "लिहून टाक अण्णांचं. त्यात विचारायचं काय?"
कार्ड पिशवीत घातलं. आईला शब्द दिलाय, फार चुकीचा दिला.

२० जाने., मंगळ.
बँकेतल्या पोरीला बाजूला घेऊन पेन्शनचं विचारलं. नाव-गाव न सांगता. ती हसली, म्हणाली आता कोण बंद करतंय मावशी, काही होत न्हाई.
आईला सांगितलं. "ती पोरगी कालची हाय."
मी चिडले. म्हणलं, चोरी केलीस का तू?
"चोरी कशाला? माझ्या फाटकावर एक शेळी मेली न्हाई."
माझ्या फाटकावर, म्हणाली. तिच्या ध्यानात आलं न्हाई. माझ्या आलं.

२४ जाने., शनि.
आईला केजला नेलं. हट्ट तिचाच. ड्रायव्हरशेजारी बसवली.
फोटो लागले होते, एका रांगेत, छान. आई मान वर करून बघत राहिली. सर पुढं झाले, "कसं वाटतंय आजी?"
"लई वर लावलेत."
"म्हणजे?"
"बसून बघायचे हायेत." आन् बसली खाली, फरशीवर, पाय दुमडून.
सर तिच्याकडं बघत उभे. मग तेबी बसले. तिथूनच चौदाही फोटो बघितले. मग उठून शिपायाला हाक मारली, खिळे सगळे खाली घ्या म्हणाले.
खाली घेतल्यावर मी बसून बघितलं. गाडी अंगावर येती. खरंच येती. दादासुद्धा बसला, पँटला घडी असून.
सरांनी आईला काही विचारलं न्हाई. फक्त निघताना तिच्या चपला स्वतः सरळ करून ठेवल्या.

२५ जाने., रवि.
गिरणी बंद. दुपारी आई म्हणाली, "आण ते कार्ड. पेन बी."
आई अंगठा लावती. बँकेत अंगठा, रेशनला अंगठा. जन्मभर तिला पेन धरलेलं बघितलं न्हाई. म्हणलं काय करती बघू.
कार्ड मांडीवर घेतलं. हळूहळू, दाबून लिहिलं. अण्णांचं नाव, भगवान. शेवटच्या अक्षराला खाली शेपूट ओढलं.
मी डब्यातला जुना फोटो उलटा केला. तेच शेपूट. दुसरा. तिसरा. चौदाही.
"फाटकाच्या वहीत रोज सही लागायची," ती म्हणाली. "त्यांचा हात कापायचा. तेवढंच येतं मला लिहायला."
उठून पाणी पिऊन आले.
"ह्याच्या खाली तुझं लिहू का?"
पदरानं कार्ड पुसलं, माझ्या हातात दिलं आन् परत तीळ निवडायला बसली. हो म्हणाली न्हाई, नको बी म्हणाली न्हाई.
संध्याकाळी दादाचा फोन. "लिहिलं का अण्णांचं नाव?"
"लिहिलं."
"बघ. मी काय म्हणत होतो."
कार्डावर खाली जागा हाय. एक नाव बसंल एवढी. उद्या नऊची जीप. पेन पिशवीत टाकलंय.