शेखरच्या चंदेरी जाकिटाची व्यवस्था

मी, श्रीमती सरिता शेखर उगले, वय वर्षे चौसष्ट, धंदा ब्युटी पार्लर, राहणार जेल रोड, नाशिकरोड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्या मुलाला तो खोटा वाटण्याचा संभव आहे, म्हणून वर शिक्काही मारून घेतला आहे. कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही, कोणी गोड बोलून कागद पुढे सरकवलेला नाही.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, "काकू, आजकाल यात काही विशेष नाही." विशेष नसते तर एवढ्या कागदांवर सह्या कशाला घेतल्या असत्या? मला भीती वाटते. लपवून काय करू? म्हणून मागे तंटा राहू नये अशी व्यवस्था करते. वाल्मीक वकिलांनी छापील मसुदा दिला होता. त्यात माझे यजमान कै. शेखर सावळीराम उगले यांचा उल्लेख फक्त 'मयत पती' असा होता. तो मसुदा मी परत केला.

कलम १. जेल रोडवरील माझा राहता फ्लॅट ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. नाशिकरोडच्या नवरीमुलींच्या भुवया आणि त्यांच्या आयांचे केस करून मी तो घेतला. त्यात सासरचा एक पैसा नाही, माहेरचा तर नाहीच. हा फ्लॅट मी माझा नातू, राजूचा एकुलता एक मुलगा, चि. रुद्र यास देते.

राजू विचारील, मी असताना नातवाला का? कारण राजूनेच दसऱ्याला पोराला सांगितले, "केस काप, नाहीतर घर सोड." पोराने घर सोडले आणि माझ्याकडे आला. उद्या मी नसले तर त्याला इथूनही कोणी काढू नये, एवढ्यासाठी हे कलम.

तंटा कशावरून, ते कोर्टालाही कळू दे. रुद्र आणि त्याच्या कॉलेजातली पोरं एक बँड चालवतात. ऐंशीच्या सालांत परदेशात एक रॉक संगीत निघाले होते. पुरुषांनी केस सिंहासारखे फुलवायचे, डोळ्यांत काजळ, गालाला लाली, चकाकणाऱ्या घट्ट पँटी, खांद्याला पॅड, उंच टाचेचे बूट, आणि गिटार अशी वाजवायची की शेजाऱ्याने पोलिसांत जावे. ते आता पुन्हा आले आहे. मोबाईलवर आले, कॉलेज रोडच्या दुकानांत आले, लग्नाच्या संगीतातसुद्धा आले. परवा एक नवरदेव पार्लरात येऊन म्हणाला, "मावशी, डोळ्यांना चमकी लावा." मी लावली. पण हेच सगळे माझ्या नवऱ्याने चाळीस वर्षांपूर्वी केले होते, आणि त्याचे काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कलम २. पार्लरचा गाळा, आरसे, खुर्च्या, वाफेचे मशीन आणि गिऱ्हाईक हे सर्व सिंधुबाई यांना द्यावे. त्या माझ्याकडे कामाला आल्या तेव्हा त्यांना भुवयांचा दोरा धरता येत नव्हता. आज माझी गिऱ्हाईकं मला ओलांडून त्यांच्याकडे जातात. कानामागून आली नि तिखट झाली, पण मला त्याचा आनंदच आहे. बोर्डावरचे नाव त्यांनी बदलले तरी चालेल. भिंतीचा गुलाबी रंग मात्र बदलावाच, तो मला कधीच आवडला नाही.

कलम ३. माझे सोन्याचे दागिने सूनबाई सौ. सविता हिला. ती राजूच्या नकळत पोराला डबा पाठवते, मला माहीत आहे. सविते, आता उघड पाठव.

कलम ४. सिन्नर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीत यजमानांचा जो हिस्सा निघतो, त्यातील माझा हक्क मी मुलगा राजू यास देते. राजू लासलगावच्या मार्केटात कांद्याचा व्यापारी आहे, त्याला मातीचे मोल कळते. मी सासरच्या त्या गावात यजमानांच्या हयातीतही पुन्हा पाऊल ठेवले नाही आणि माझी राखसुद्धा तिकडे नेऊ नये.

कलम ५. गंगापूर धरणाच्या बाजूला एका द्राक्षमळ्यात या महिन्याच्या अखेरीस जुन्या रॉकचा मोठा कार्यक्रम आहे. रुद्रचा बँड तिथे गाणार. त्या आयोजकांनी शेखरचा काजळ घातलेला फोटो मागितला. नाशिकचा पहिला रॉकवाला म्हणे! पोस्टरवर लावायचा आणि टी-शर्टवर छापायचा. जिवंत होता तेव्हा ज्या तोंडावर लोक थुंकले, ते तोंड आता छातीवर मिरवणार? फोटो देऊ नये. फोटो माझ्या देव्हाऱ्यामागे आहे, तो तिथेच राहील.

कलम ६. आता ट्रंकेविषयी. वकीलसाहेब म्हणतात हे कलम थोडक्यात लिहा. मी थोडक्यात लिहिणार नाही.

ट्रंकेत शेखरचे चंदेरी जाकीट, रेक्झिनची पँट आणि भद्रकालीच्या बाजारात बनवून घेतलेले टाचेचे बूट आहेत. जाकीट मी शिवले. येवल्याला पैठणीच्या मागावर उरलेले जरीचे तुकडे मी पिशवी भरून आणले आणि एकेक जोडले. त्याला देवळाली कॅम्पातल्या एका मित्राकडून कॅसेटी मिळायच्या. त्या ऐकून त्याला वेड लागले. केस उभे करायचा स्प्रे परवडायचा नाही, मग मी साखरेचे पाणी लावून उभे करायचे. कार्यक्रम संपेपर्यंत डोक्याभोवती चिलटे! तो म्हणायचा, "सरे, मी गोड गातो म्हणून आलीत." असा हसरा होता. मोठा गायक होता असे मी म्हणत नाही. पण गाताना तो जेवढा सुखी असायचा, तेवढा सुखी माणूस मी नंतर पाहिले नाही.

शहाऐंशी सालच्या चैत्रात गावच्या जत्रेत दरवर्षीच्या तमाशाची सुपारी फिसकटली. पंचांनी शेखरच्या बँडला बोलावले, घरचाच पोरगा म्हणून. सासरे, सावळीराम उगले, मानकरी होते, ते पुढच्या रांगेत बसले. मी बायकांत बसले होते आणि राजू माझ्या मांडीवर, चार-पाच वर्षांचा.

शेखर स्टेजवर आला आणि मागून कोणीतरी ओरडले, "आरं, नाच्या आला, नाच्या!" त्या लोकांनी तोंडाला रंग लावलेला पुरुष दुसरा कुठे पाहिला होता? तमाशातला नाच्याच पाहिला होता. मग शिट्ट्या सुरू झाल्या, फेटे उडाले. आणि तमाशाची रीत तशी दौलतजादा सुरू झाली. पंचांतला एक जण माईक घेऊन पुकारू लागला, "अमक्यातमक्यांकडून नाच्याला पाच रुपये! नाच्यानं कंबर हलवावी!" शेखर गात राहिला. त्याला वाटले, गाणे ऐकले की समजतील.

सासरे उठले. शेजारच्या वावरात धनगरांची मेंढरं बसली होती, तिथून ते लोकर कातरायची कातर घेऊन आले. स्टेजवर चढले, पोराच्या मानेला धरून त्याला खाली बसवले आणि केस कातरायला लागले. मी उठले तर चुलत सासवांनी दोन्हीकडून पदर धरला. "बस गं, बापलेकाचं हाय."

आणि लोक हसायला लागले. त्यांना वाटले हा वगातलाच प्रसंग आहे, म्हातारा सोंगाड्या आणि तरुण नाच्या! टाळ्या पडल्या. माईकवरून पुकारा झाला, "म्हाताऱ्याला दहा रुपये!" सासऱ्यांचा हात तिथे थांबला. आपलेही सोंग झाले हे तेव्हा त्यांना कळले असावे. मला त्यांची कीव आली नाही. आजही येत नाही.

दुसऱ्या दिवशी ते वेडेवाकडे केस मीच पार्लरात सारखे केले. त्यानंतर शेखर सिन्नरच्या कारखान्यात लागला आणि मरेपर्यंत गायला नाही. गणपतीच्या आरतीलाही नुसते ओठ हलवायचा. करोनाच्या आधी गेला. माणूस आधीच गेला होता, अंत्यविधी तेवढा राहिला होता.

म्हणून मागच्या आठवड्यापर्यंत माझे ठरले होते की ही ट्रंक माझ्या चितेवर ठेवायची. मध्येच एक दिवस रुद्रने ती उघडली, जाकीट अंगात घातले, त्याला ते जसेच्या तसे बसले. मी त्याला म्हणाले, "हे नको रे बाळा, दुसरं काहीही घाल." तो म्हणाला, "आजी, आता जमाना बदललाय." जमाना! परवाच त्याच्या व्हिडिओखाली लोकांनी काय काय लिहिले ते मी वाचले आहे. शब्द तोच आहे.

रविवारी दुपारी राजू आला. हातात केस कापायचे मशीन. रुद्र सरावाला गेलेला होता. मी दारात आडवी उभी राहिले.

"आई, बाजूला हो. आला की मीच कापतो. मार्केटात लिलावाला उभं राहू देत नाहीत मला. 'राजूशेठ, पोरगं नाचायला लागलं म्हणे!'"

मी म्हणाले, "तुझा आजा तरी अडाणी होता. तू शिकून-सवरून त्याचीच कातर घेऊन आलास? बापाची लाज वाटत होती, आता पोराची वाटते. शरम कर."

राजूने मशीन चपलांच्या रॅकवर ठेवले आणि तिथेच पायरीवर बसला. एवढा मोठा व्यापारी, पण ढसाढसा रडला.

"मला पप्पांची लाज नाही वाटत गं. मी हसलो होतो."

"कधी?"

"जत्रेत. सगळे हसत होते म्हणून मी पण हसलो. तुझ्या मांडीवर उभा राहून टाळ्या वाजवल्या. पप्पांनी स्टेजवरून माझ्याकडं बघितलं होतं. रुद्र स्टेजवर उभा राहिला की मला तेच दिसतं, आई. लोक हसतील, आणि मी तिथं काही करू शकणार नाही."

मी इतकी वर्षे त्याला बापाची लाज वाटते असे समजून त्याच्याशी तुटक वागले. मी त्याला चहा दिला. त्याने तो प्यायला आणि मशीन घेऊन निघून गेला. पुढे काय करणार ते बोलला नाही. पोराला फोनही केलेला नाही.

तरी त्या दुपारनंतर माझे ठरले. दोष त्या कपड्यांचा नव्हता. चंदेरी जाकीट, पँट, बूट आणि ट्रंक मी चि. रुद्र यास देते. त्याने ते द्राक्षमळ्यातल्या कार्यक्रमाला घालावे. काखेत शिवण उसवली आहे, ती सिंधुबाई शिवून देतील. काजळ खालच्या पापणीला आतून लावावे, बाहेरून लावले तर घामाने ओघळते. आणि बाळा, मला अजूनही भीतीच वाटते. तरी घाल.

कलम ७. हे कलम माझा मुलगा राजू याच्यासाठी आहे. वाल्मीक वकील म्हणतात की हे मृत्युपत्रात बसत नाही. मी म्हणाले, बसवा.

त्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत रुद्रने माझ्यासाठी एक खुर्ची राखली आहे. मी ऑपरेशनमधून उठले तर त्या खुर्चीवर मी बसेन, आणि राजू, तुझ्यासाठी शेजारची मागून घेईन. उठले नाही तर सुतक धरून कार्यक्रम बंद करू नये, आणि ती खुर्ची मी तुला देते. दुसऱ्या कोणाला द्यायचा तुला हक्क नाही.

चार-पाच वर्षांच्या पोराच्या हसण्याचा बापाला राग येत नसतो. शेखरने त्या दिवशी घरी येऊन पहिल्यांदा विचारले होते, "राजू घाबरला नाही ना?" हे तुला रविवारी सांगायला हवे होते. तेव्हा मी नुसता चहा दिला, म्हणून इथे लिहिते.

कोणी हसेल, कोणी ओरडेल, काही सांगता येत नाही. तुला त्यांच्याशी भांडायचे नाही. फक्त बसून राहायचे. गाताना पोरगं एकदा तरी तुझ्याकडे बघेल. तेव्हा मान खाली घालू नकोस.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला आणि समजून-उमजून दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या. या आधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. या मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था वाल्मीक वकील यांनी पाहावी.

लिहून ठेवणार: सरिता शेखर उगले (सही)

साक्षीदार:
१. धनराज रावजी सांगळे, शेजारी, जेल रोड (सही)
२. चिमणाबाई वाळू गांगुर्डे, पार्लरची जुनी गिऱ्हाईक, देवळाली गाव (सही)

ठिकाण: नाशिकरोड
दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५